पुण्यात एक आठवडा, कोल्हापुरात तीन

ऑफिसला आठवड्यातनं किती दिवस जायचं, यावर गेली काही वर्षं एवढी चर्चा झालीय की आता बोलण्यासारखं काही उरलं नसेल असं वाटतं. पण कोल्हापुरात बसून बघितलं तर मला तो प्रश्न मांडायची पद्धतच पटत नाही. आठवड्याला दोन दिवस, तीन दिवस, हे गणित पुण्यात वाकड-बाणेरला राहणाऱ्याचं आहे, जो सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो. आपल्याकडनं पुणं साधारण २३० किलोमीटर. आठवड्यातले तीन दिवस तिकडं जायचं म्हणजे तिकडं खोली घेऊनच राहायचं, आणि मग शुक्रवारी रात्री बॅग घेऊन स्वारगेटला उभं राहायचं. त्याला हायब्रिड (थोडं ऑफिसात, थोडं घरून) म्हणत असतील तर म्हणू देत, माझ्या मते ते पुण्यात राहणंच आहे, फक्त शनिवार-रविवार घरी पाहुण्यासारखं यायचं.

माझी सॉफ्टवेअर कंपनी पुण्यात आहे. माझं आता बसलेलं गणित असं की महिन्यातला एक आठवडा सलग पुण्यात आणि उरलेले तीन घरून. मॅनेजरशी बरंच बोलणं करून हे मिळवलंय आणि मला ते टिकवायचंय, म्हणून नीट लिहून काढतेय. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणारे आता बरेच आहेत, त्यांना मागण्या मांडताना कदाचित उपयोग होईल.

नियम किती हलते असतात ते आपण बघितलंच आहे. मार्च २०२० ला सगळे लॅपटॉप उचलून गावाकडं आलो. त्याच वर्षी टीसीएसनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के लोकांनीच ऑफिसात यायची गरज पडेल, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीनं सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. इन्फोसिसनं मार्च २०२५ पासून ठराविक पदांपर्यंतच्या लोकांना महिन्याला किमान दहा दिवस असा नियम लावला. यातला 'महिन्याला' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. लांबच्या माणसाला महिन्याचा हिशोब जमतो, आठवड्याचा जमत नाही. दिवस तेवढेच असले तरी सलग असले की प्रवास एकदाच होतो, आणि तिकडं गेल्यावर कामही सलग होतं.

प्रवासाचं जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यात बसून नियम करणाऱ्यांना नकाशावर हे फार जवळ दिसतं. त्याच दिवशी ऑफिस गाठायचं तर पहाटे सीबीएसवरनं, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं, एसटी पकडायची. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं खिशाला तरी परवडतं. किणी टोलनाका, पेठ नाका, कराड, सातारा, मग खंबाटकी घाट, असं करत जायचं. सहापदरीच्या कामामुळं सर्व्हिस रोडवरनं इतकं आत-बाहेर करावं लागतं की गाडी कधी पोचेल हे ड्रायव्हरसुद्धा छातीठोक सांगत नाही. स्वारगेटला उतरलं की २०२४ पासून मेट्रोनं थेट शिवाजीनगर गाठता येतं हे खूप सोयीचं झालं, पण तिथनं बाणेरच्या ऑफिसला पुन्हा रिक्षा. वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली, गाडी छान आहे, पण ती आठवड्यातनं तीनच दिवस धावते आणि सकाळी सव्वाआठच्या सुमाराला निघून पुण्याला पोचते दुपारी, म्हणजे त्या दिवशीचं ऑफिस तर बुडालंच. म्हणून मी रविवारी दुपारीच निघते, कोथरूडला मावसबहिणीकडं उतरते आणि सोमवारी सकाळी ताज्या डोक्यानं ऑफिसात हजर असते.

आता हे सगळं कशासाठी करायचं? घरूनच काम नीट होत असेल तर जायचंच कशाला? माझ्या टीममधले काहीजण असंच म्हणतात, आणि त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं खरंच बरंच आहे. एकट्यानं डोकं घालून करायचं काम माझं घरी जास्त चांगलं होतं, यात मला तरी शंका नाही. मुलगा शाळेला गेला, नवरा कॉलेजवर गेला की मागच्या खोलीत दार लावून बसायचं, फोन बाहेर ठेवायचा, आणि प्रोग्रॅमचा जो मॉड्यूल (भाग) ऑफिसच्या गजबजाटात हातात घ्यायलासुद्धा भीती वाटते तो जेवणापर्यंत सरळ होतो. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ लोकांवर एक प्रयोग झाला, त्यातल्या निम्म्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा दिली. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निकाल २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापले. कामाच्या दर्जात आणि प्रमोशनमध्ये फरक पडला नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशानं कमी झालं. सगळ्यात जास्त फरक कुणात पडला तर बायकांमध्ये, लांबनं येणाऱ्यांमध्ये आणि मॅनेजर नसलेल्यांमध्ये. मॅनेजरशी बोलताना मी हे पुढं ठेवलं. भावनेचं बोलणं तिथं फार वेळ टिकत नाही, आकडे टिकतात.

पण त्याच कंपनीचा आधीचा प्रयोगही सांगायला हवा, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. २०१० च्या शेवटी सुरू झालेला तो प्रयोग नऊ महिने चालला. कॉल सेंटरमधल्या लोकांना पाचपैकी चार दिवस घरून काम दिलं होतं. काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण काम तेवढंच चांगलं करूनही घरी बसणाऱ्यांना प्रमोशन कमी मिळालं. आणि नंतर जेव्हा निवड करायला सांगितलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले जवळपास निम्मे लोक ऑफिसला परत आले, एकटं वाटतं हे त्याचं मोठं कारण. मला हे अगदी पटतं. सलग दोन महिने घरी काढले की माझीही तीच गत होते, स्क्रीनवरची माणसं हळूहळू नुसती नावं होऊन जातात.

आणि शिकण्या-शिकवण्याचं तर वेगळंच आहे. माझ्या ऑफिसला जाण्याचं खरं कारण हेच.

आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर मुलगी आली, हुशार, मेहनती, कॉलेजातनं थेट. रोजच्या छोट्या टीम मिटिंगला, म्हणजे स्टँडअपला, सांगायची, 'काम चालू आहे, ब्लॉकर काही नाही,' म्हणजे कुठं अडलेलं नाही. स्क्रीन शेअर करून कितीदा तरी बसलो असू, मी सांगायचे, ती 'हो मॅम, ओके मॅम' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत तिथंच. मग पुण्याच्या आठवड्यात मी माझी खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझं करते. तासाभरात कळलं की ती लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना पडणाऱ्या नोंदी, खालून वाचते. टेस्ट फेल झाली की शेवटची लाल ओळ उचलायची, ती गुगल करायची, तिथं मिळेल तो उपाय लावायचा आणि पुन्हा रन करायचं. खरी चूक तर कितीतरी वर होती, तिच्यामुळं पुढच्या सगळ्या एरर पडत होत्या. मी फक्त एवढंच म्हटलं, 'अगं, पहिली लाल ओळ कुठं आहे ती शोध, बाकीच्यांकडं बघू नकोस.' ती वर वर जात राहिली, थांबली, आणि तिच्या तोंडनं नुसतं 'अरे!' निघालं. तो आठवडा संपेपर्यंत ती दुसऱ्या एका मुलाला हेच समजावून सांगत होती. हे कॉलवर कधीच दिसलं नसतं, कारण कॉलवर माणूस आपल्याला काय अडलंय ते सांगतो, कसं काम करतो ते दाखवत नाही. दाखवणार तरी कसा, ते त्याचं त्याला माहीत नसतं.

घरी हे सांगितल्यावर पप्पांना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, गेलं. ते म्हणाले, 'आमच्यात नवीन पोरगं आलं की पहिल्यांदा नुसतं फर्नेसजवळ उभं करायचं. मेटलचा रंग बघायला शीक म्हणायचं. आता तापमान मोजायला यंत्र असतंय, पण ओतायचं लॅडल उचलल्यावर मेटल कसं हलतंय, ओतताना धार कुठं तुटतीय, हे शेजारी उभं राहिल्याबिगर कळतंय व्हय?' कास्टिंग खराब निघालं की कारण शोधायला ते त्या पोराला घेऊन साचा फोडलेल्या जागी जायचे, साच्याची वाळू हातात घेऊन चोळून दाखवायचे, ओल जास्त झाली की कमी. पप्पांच्या हातातली ती वाळू आणि माझ्या ज्युनिअरच्या स्क्रीनवरची ती पहिली लाल ओळ, दोन्ही शिकवायचं तर शेजारी बसायलाच लागतं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर याचा अभ्यास झालाय. एकाच इमारतीत बसणाऱ्या टीममधल्यांना आपल्या कोडवर वीसेक टक्के जास्त फीडबॅक मिळायचा, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा नवख्यांना व्हायचा. पण त्यात अजून एक गोष्ट दिसली, ती कुणी फारशी सांगत नाही. शेजारी बसून शिकवणाऱ्या सीनिअर लोकांचं स्वतःचं काम कमी होतं. बरोबरच आहे, वेळ कुठनं तरी जाणारच. म्हणून मी पुण्याच्या आठवड्यात माझ्या नावावर टिकेट, म्हणजे नेमून दिलेली कामं, घेतच नाही. तेवढं मॅनेजरला आधीच सांगून ठेवलंय, की या आठवड्यात माझा आकडा कमी दिसेल, दुसऱ्यांचा पुढच्या महिन्यात जास्त दिसेल. त्यांनी ते मान्य केलं, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोलाचा भाग तो आहे. ऑफिसला बोलवायचं, वर घरून होतं तेवढंच टिकेटचं कामही मागायचं, म्हणजे माणूस तिथं हेडफोन घालूनच बसणार, दुसरं काय करणार.

हेडफोनचं तर विचारूच नका. नियम पाळायचा म्हणून लोक ऑफिसला येतात, कार्ड स्वाइप करतात आणि दिवसभर घरी बसलेल्या लोकांशी कॉलवर बोलतात, असं कितीतरी ठिकाणी चाललंय. त्याला काही अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टनं आपल्याच ६१ हजार कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांचा डेटा तपासला होता, त्यात दिसलं की सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या छोट्या गटात जास्त बोलायला लागले आणि गटाबाहेरच्यांशी संबंध कमी झाले. म्हणजे ऑफिसला जाऊन भेटायचं तर या बाहेरच्यांना भेटायला हवं. सपोर्टवाले, डिझाइनवाले, ज्यांच्याशी मेलवर नेहमी खटके उडतात ते. म्हणून आमची सगळी टीम एकाच आठवड्यात येते, आणि त्या आठवड्यात आम्ही तीच कामं काढतो जी चार डोकी एकत्र आल्याशिवाय होत नाहीत: नवीन फीचरचं डिझाइन, पांढऱ्या बोर्डावरची वादावादी, ज्युनिअर लोकांबरोबर बसणं, एकमेकांबद्दल मनात अडकलेलं बोलून टाकणं. स्टेटस मिटिंग त्या आठवड्यात नाही, ती घरून होते.

आता घरचं. घरून काम म्हणजे आराम असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या बाईला विचारावं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आलंय, आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. लॅपटॉप घरात आला म्हणून ती २८९ मिनिटं कुठं जात नाहीत, उलट मधल्या वेळेत घुसतात. सुरुवातीला शेजारच्या काकू दारातनंच विचारायच्या, 'आज सुट्टी व्हय गं?' गॅसवाला, कुरिअर, सोसायटीची वर्गणी, सगळं माझ्याकडंच, कारण मी घरी. हे बदललं ते सासूबाईंमुळं. त्यांनी एकदा मला कॉलवर बोलताना दारातनं ऐकलं, मी कुणाला तरी रिलीज (नवीन व्हर्जन बाहेर सोडणं) थांबवायला सांगत होते, आवाज चढलेला होता. तेव्हापासनं त्यांनीच पहारा सुरू केला. 'मी भाजी निवडतो, मी बघतो दारात कोण आलंय ते, तू जा तुझ्या मिटिंगला,' असं म्हणून त्या मला खोलीत पाठवतात. संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्यानं वाटून घेतला. घरातल्या माणसांनी हे काम म्हणून मानलं नसतं तर मी तीन आठवडे सोडाच, तीन दिवसपण टिकले नसते, हे खरं आहे, आणि कंपनीच्या कुठल्याच पॉलिसीत हे लिहिलेलं नसतं.

आणि काम संपवायचं कसं, हा अजून एक वेगळाच विषय. पप्पांना भोंगा होता. भोंगा झाला की हात धुवायचे, डबा उचलायचा, सायकल काढायची. सोमवारी एमआयडीसीला सुट्टी, मग त्या दिवशी फाउंड्रीचं नावसुद्धा घरात निघायचं नाही. आमच्या कामाला भोंगा नाही, रात्री दहाला पण ग्रुपवर कुणीतरी 'क्विक कॉल?' टाकतोच. मी सात वाजता लॅपटॉप बॅगेत घालून कपाटात ठेवते आणि मुलाला घेऊन रंकाळा तलावावर जाते. टेबलावर ठेवला की रात्री हात जातोच, कपाटात ठेवला की जात नाही. प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टीम, पडलं तर फोन करा, मेसेज नको, असं टीमला सांगून ठेवलंय आणि लोक ते पाळतात.

पावसाळ्याचंही आधीच ठरवायला लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, २०२१ च्या जुलैमध्येही तेच. पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं. माझ्या मॅनेजरलाही आता पाठ झालंय. जुलै-ऑगस्टचा पुण्याचा आठवडा आम्ही लवचिक ठेवतो, पाणी चढायला लागलं की निघायचं नाही, तो आठवडा सप्टेंबरमध्ये जोडून घ्यायचा. घर सोडून तिकडं अडकून पडणं आणि इकडं म्हातारी माणसं आणि पोर, ही कल्पनाच नको वाटते.

एकटेपणावर अजून एक उपाय आम्ही काहीजणांनी काढलाय. इथं राजारामपुरीत एक कोवर्किंगची (भाड्यानं टेबल घेऊन काम करायची) जागा आहे, तिथं आठवड्यातनं एकदा वेगवेगळ्या कंपन्यांचे आम्ही ओळखीचे लोक बसतो. काम ज्याचं त्याचं, पण दुपारचा डबा एकत्र. कोण कुठल्या कंपनीत, पगार किती, असलं काही नाही, पण कुणाचा इंटरव्ह्यू आहे, कुणाचं नेट बंद पडलंय, कुणाला नवीन टूल शिकायचंय, हे तिथं निघतं. कोल्हापुरात शेंडा पार्कात आयटी पार्क करायचं चाललंय, ते व्हावं असं मला मनापासनं वाटतं. कित्येक दशकं मागणी केल्यावर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. काम माणसाजवळ आणता येतं, हे आपल्या गावानं मागून, भांडून दाखवलंय. आयटीवाल्यांनी अजून तेवढं मागितलेलं नाही.

मला कंपनीकडनं अजून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे वर्षभराच्या बारा आठवड्यांच्या तारखा जानेवारीतच जाहीर व्हाव्यात, गणपती, दिवाळी आणि मुलांच्या परीक्षा सोडून, म्हणजे घरचं आणि तिकिटाचं जुळवता येईल. दुसरं म्हणजे राहायचा खर्च. माझी मावसबहीण आहे म्हणून भागतं. सांगलीहून येणाऱ्या आमच्या टीममधल्या मुलाला दर महिन्याला लॉजचे पैसे स्वतःच्या खिशातनं भरावे लागतात, आणि तो नवखा आहे, म्हणजे ज्याला ऑफिसचा सगळ्यात जास्त उपयोग त्यालाच ते सगळ्यात महाग पडतं. आम्ही महिन्यातले तीन आठवडे ऑफिसातली खुर्ची, वीज, जेवण काहीच वापरत नाही, तेवढ्यातनं एक आठवड्याची राहायची सोय सहज होईल असं माझं म्हणणं आहे. एचआरकडं लेखी दिलंय, उत्तर यायचंय. तुमच्यापैकी कुणी लांबच्या लोकांसाठी कंपनीकडनं हे मान्य करून घेतलं असेल तर कसं मांडलं ते जरूर कळवा, पुढच्या मिटिंगच्या आधी हाताशी असेल तर बरं पडेल.